न दुखणारं दुखणं : बदललेल्या हृदयाचा इतिहास



दुखणं अंगावर काढण्यात आपण बायका पटाईत. पाठ धरली, गुडघा ठणकला, छातीत जळजळलं, तरी आधी लावणी उरकू दे, पोरांची परीक्षा होऊ दे, पाहुणे जाऊ देत, मग बघू, असं म्हणत दिवस ढकलायचे. पण दुखण्याचा एक गुण असतो. ते निदान सांगत तरी असतं, की बाई गं, इथे काहीतरी बिघडलंय. आज मी ज्या आजाराचा इतिहास सांगणार आहे, तो काही सांगतच नाही. ज्या माणसाचं हृदय बदललेलं असतं, त्याच्या नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होत जातात आणि बहुतेकदा त्याच्या छातीत साधी कळही येत नाही. तो चालतो-फिरतो, जेवतो, हसतो. आत मात्र हृदयाला मिळणारं रक्त कमी कमी होत असतं. अशा मुक्या हृदयाला काय होतंय ते ओळखायचं कसं? तेही छाती न उघडता, आणि जमलं तर अंगात नळी न घालता? गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत डॉक्टरांनी या प्रश्नाची उत्तरं कशी शोधली, त्याची ही गोष्ट.

तुम्ही म्हणाल, हृदय बदललेली माणसं आपल्या कर्जत-खालापुरात किती असणार, आणि त्यांच्या आजाराशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या दारावरून जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. पुण्यात कुणी मेंदूमृत झालं, घरच्यांनी अवयव द्यायचं ठरवलं आणि ते मुंबईच्या रुग्णाला जुळले, तर पोलीस रस्ता मोकळा करून देतात. त्याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात. घाट उतरून, खोपोली मागे टाकून, खालापूरच्या टोलनाक्यावरून अशा गाड्या गेलेल्या आहेत. शरीराबाहेर काढलेलं हृदय थंड पेटीत ठेवलं, तरी साधारण चार तासांच्या आत ते दुसऱ्या छातीत धडधडायला लागावं लागतं. म्हणून ती धावपळ. आपण ती गाडी बघतो, हात जोडतो आणि कामाला लागतो. पण ते हृदय पोहोचल्यावर पुढे दहा-पंधरा वर्षं त्याचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही. खरी कसोटी त्या वर्षांत असते.

गोष्ट सुरू होते दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरात. ३ डिसेंबर १९६७ रोजी तिथल्या ग्रूट स्क्यूर रुग्णालयात डॉ. क्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगात पहिल्यांदा एका माणसाचं हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवलं. ज्यांना ते हृदय मिळालं ते लुई वॉशकान्स्की अठरा दिवस जगले. न्यूमोनियाने गेले. पण नवं हृदय शेवटपर्यंत चाललं होतं. जगभर बातमी झाली आणि शल्यविशारदांमध्ये जणू चढाओढ लागली.

या चढाओढीत आपली मुंबई मागे नव्हती. कर्जत लोकलने दादरला किंवा परळला उतरून आपल्यातल्या कितीतरी जणी ज्या केईएम रुग्णालयात जातात, तिथेच १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. केपटाऊननंतर अवघ्या अडीच महिन्यांत. माणसाचं हृदय बदलणारे ते जगातले चौथे शल्यविशारद. डॉ. जी. बी. परुळकर त्यांच्या पथकात होते. पैसा कमी, साधनं कमी, पण या पथकाने कुत्र्यांवर प्रयोग करत कित्येक वर्षं तयारी केली होती. तो रुग्ण तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसरा प्रयत्न केला, तो रुग्ण चौदा तास जगला. त्यानंतर केईएममध्ये हे काम थांबलं. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, असं मानणारा कायदाच तेव्हा आपल्याकडे नव्हता, आणि नवं हृदय शरीराने नाकारू नये यासाठी चांगली औषधं जगात कुठेच नव्हती.

आता पुन्हा केपटाऊनला जाऊ या, कारण आपल्या आजच्या विषयाचा पहिला पुरावा तिथे सापडला. २ जानेवारी १९६८ रोजी बर्नार्ड यांनी दुसरं प्रत्यारोपण केलं. रुग्ण होते फिलिप ब्लायबर्ग, पेशाने दंतवैद्य, वय ५८. त्यांना हृदय मिळालं क्लाइव्ह हॉप्ट या २४ वर्षांच्या तरुणाचं. तेव्हा त्या देशात वर्णभेदाचं राज्य होतं. गोऱ्या माणसाने आणि मिश्र वर्णाच्या माणसाने एका बाकावर बसायचं नाही, असे नियम होते, आणि इथे मिश्र वर्णाच्या तरुणाचं हृदय गोऱ्या माणसाच्या छातीत धडधडत होतं. ब्लायबर्ग घरी गेले, समुद्रावर गेले, त्यांची छायाचित्रं जगभर छापली गेली. ५९४ दिवस ते जगले, म्हणजे साडेएकोणीस महिने. ऑगस्ट १९६९ मध्ये ते वारले.

शवविच्छेदनात जे दिसलं त्याने सगळे चक्रावले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या, ज्यांना आपण करोनरी म्हणतो, त्या चरबीच्या थरांनी भरून गेल्या होत्या. अशा धमन्या म्हाताऱ्या, वर्षानुवर्षं दुखणं काढलेल्या माणसाच्या असतात. पण हे हृदय तर चोवीस वर्षांच्या धडधाकट मुलाचं होतं. पन्नास वर्षांत होणारं नुकसान दीड-पावणेदोन वर्षांत झालं होतं. रोगशास्त्रज्ञ जे. जी. थॉमसन यांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं. हृदय बदललं म्हणजे आजार संपला, अशी जी समजूत होती ती तिथे मोडली. जुनं दुखणं गेलं होतं, पण नव्या हृदयाने स्वतःचं नवं दुखणं आणलं होतं.

असं का होतं? शरीर परकं हृदय ओळखतं. औषधं घेतली तरी आपली प्रतिकारशक्ती पूर्ण झोपत नाही. ती त्या परक्या धमन्यांच्या आतल्या अस्तरावर सतत लहान लहान घाव घालत राहते. घाव भरताना अस्तर जाड होतं. त्यात मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि काही विषाणूंचा संसर्ग यांची भर पडते. नेहमीच्या हृदयविकारापेक्षा याची तऱ्हा वेगळी आहे, ती एका ओळखीच्या गोष्टीवरून सांगते. खोपोलीच्या वीजघरात डोंगरावरच्या तलावांचं पाणी मोठ्या लोखंडी पाइपांतून उतरतं, १९१५ पासून. भिवपुरीलाही तसंच वीजघर आहे. समजा, अशा पाइपात एका जागी दगड अडकला. मग पाणी तिथे अडतं, बाकी पाइप मोकळा. नेहमीचा हृदयविकार बराचसा असा असतो. आता समजा, दगड कुठेच नाही, पण वरपासून खालपर्यंत पाइपाला आतून सारखाच थर चढत गेला. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, पाणी मात्र रोज थोडं थोडं घटतं. बदललेल्या हृदयाचा आजार असा असतो. थर धमनीच्या चहूबाजूंनी आणि लांबवर पसरतो, अगदी बारीक फांद्यांपर्यंत.

आणि दुखत का नाही? हृदय काढताना त्याच्या नसा कापल्या जातात. शल्यविशारद रक्तवाहिन्या जोडू शकतो, नसा जोडत नाही. त्यामुळे हृदय चालतं, कारण ठोका देण्याची यंत्रणा त्याच्या स्वतःच्या आत असते. पण मेंदूशी त्याचं बोलणं तुटलेलं असतं. अशा माणसाची नाडी स्वस्थ बसलेला असतानाही नव्वद-शंभरच्या आसपास चालते, कारण तिला आवर घालणारी नसच नसते. आणि रक्त कमी पडलं की छातीतून जी कळ डाव्या हातात जाते, ती निरोप नेणारी वाटही नसते. काही जणांत काही वर्षांनी थोड्या नसा पुन्हा फुटतात, त्यांना कळ जाणवू शकते. पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. बऱ्याच जणांना पहिली खूण मिळते ती दम लागण्याची, पायांवर सूज येण्याची किंवा ठोका चुकण्याची. काहींच्या बाबतीत पहिली खूण म्हणजे अचानक मृत्यू.

ब्लायबर्ग यांच्यानंतरची दोन-तीन वर्षं फार वाईट गेली. १९६८ या एका वर्षात जगभरात शंभरच्या आसपास हृदयं बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण थोड्याच काळात दगावले. एकेक रुग्णालयाने हे काम सोडून दिलं. सोडलं नाही ते अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. नॉर्मन शमवे यांनी. त्यांच्याकडे एक बाई होत्या, त्यांचं नाव आपल्याला माहीत असायला हवं. डॉ. मार्गारेट बिलिंगहॅम. जन्म १९३० चा, पूर्व आफ्रिकेतल्या टांगा गावचा. शिक्षण लंडनला आणि काम स्टॅनफर्डला. त्या रोगशास्त्रज्ञ, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली शरीराचे तुकडे तपासणाऱ्या. १९७२-७३ च्या सुमाराला त्यांचे सहकारी डॉ. फिलिप केव्ह्ज यांनी मानेच्या शिरेतून बारीक चिमटा हृदयापर्यंत नेऊन तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायची पद्धत बसवली. तो तुकडा बघून शरीर हृदय नाकारतंय का आणि किती, हे ठरवायची पट्टी बिलिंगहॅमबाईंनी तयार केली. जगभरच्या रुग्णालयांनी ती वापरली. पुढे १९९० मध्ये हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. धमन्यांचा हा आजार नेहमीच्या आजारापेक्षा वेगळा कसा दिसतो, हेही त्यांनी नीट मांडलं.

पण चिमट्याने काढलेली कणी हृदयाच्या मांसाची असते. त्यात मोठ्या धमन्या येत नाहीत. धमन्या बघायच्या तर तेव्हा एकच वाट होती, अँजिओग्राफी. तिचाही इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यातही एक बाई आहे. १९२९ मध्ये जर्मनीत एबर्सवाल्ड इथल्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरला हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेऊन बघायची होती. वरिष्ठांनी मनाई केली. निर्जंतुक साहित्य होतं गेर्डा डित्झेन या परिचारिकेच्या ताब्यात. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्याने हो म्हटलं, तिला टेबलावर बांधून ठेवलं आणि गुपचूप नळी स्वतःच्याच हातात घातली. मग दोघं जिने उतरून क्ष-किरण विभागात गेली आणि नळी हृदयात पोहोचल्याचं चित्र काढलं. फोर्समानला १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेत डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून क्ष-किरणात दिसणारं रंगद्रव्य चुकून थेट करोनरी धमनीत गेलं. रुग्णाचं हृदय क्षणभर थांबलं, त्याला खोकायला लावलं, ते पुन्हा चालू झालं. आणि त्या चुकीतून करोनरी अँजिओग्राफी जन्माला आली.

स्टॅनफर्डने नियम केला की हृदय बदललेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा अँजिओग्राफी करायची, दुखो न दुखो. हा नियम मोलाचा ठरला. पण त्याच्या अडचणी हळूहळू उघड झाल्या. एक तर नळी धमनीत घालावी लागते. धोका थोडा असतो, पण शून्य नसतो, आणि तो दरवर्षी पत्करायचा. लहान मुलांच्या बारीक रक्तवाहिन्यांत तर वारंवार नळी घालणं जिकिरीचं. दुसरं म्हणजे रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडावर पडतो, आणि या रुग्णांची मूत्रपिंडं औषधांनी आधीच थकलेली असतात. तिसरी अडचण सर्वांत मोठी. अँजिओग्राफीत धमनीच्या आतली पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. एका जागी अडथळा असेल तर शेजारच्या चांगल्या भागाशी तुलना करून तो उठून दिसतो. पण सगळीकडे सारखाच थर चढला असेल तर तुलना कशाशी करणार? धमनी जरा बारीक आहे, एवढंच वाटतं. त्यामुळे ‘नॉर्मल’ असा अहवाल हातात घेऊन घरी गेलेल्या काही जणांच्या धमन्या खरं तर आजारी असत. पुढे नळीच्या टोकावर ध्वनिलहरींचं यंत्र बसवून भिंतीची जाडी मोजता येऊ लागली. पण त्यासाठीही नळी आत घालावी लागतेच.

म्हणून डॉक्टर बाहेरून बघायच्या वाटा शोधू लागले. पहिली सोपी वाट ईसीजी आणि पट्ट्यावर चालवायची चाचणी. पण ज्या हृदयाच्या नसा तुटल्यात, ते चालायला लागलं तरी लगेच वेग घेत नाही. रक्तातून वाहत येणाऱ्या संप्रेरकांची वाट बघत सावकाश वाढतं आणि थांबल्यावर सावकाश उतरतं. कळ येत नाही, वेग पुरेसा चढत नाही, मग चाचणीत काय दिसणार? ही वाट फारशी कामाची ठरली नाही.

दुसरी वाट इकोची. आपण टूडी इको म्हणतो ती. तिचा जन्म गोदीतल्या यंत्रातून झाला, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. स्वीडनमध्ये लुंड इथले हृदयतज्ज्ञ इंगे एडलर यांना रुग्णाच्या हृदयाची झडप शस्त्रक्रियेआधी बाहेरून बघायची होती. सांधेतापानंतर आवळली जाणारी हीच ती झडप, जिच्यापायी आपल्याकडच्या कितीतरी बायका दम लागून बाळंतपणात अडचणीत येतात. १९५३ मध्ये एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी माल्मो शहरातल्या जहाज बांधणाऱ्या कारखान्यातून एक यंत्र उसनं आणलं. धातूच्या आत तडा आहे का, हे न कापता ध्वनिलहरींनी बघायचं ते यंत्र. पोलादाच्या कारखान्यांत आजही अशी तपासणी होते, खोपोलीच्या बाजूला ज्यांच्या घरचे पोलाद कारखान्यांत कामाला आहेत त्यांच्या कानावरून हे गेलं असेल. ते यंत्र छातीवर ठेवलं आणि हृदयाचा प्रतिध्वनी मिळाला.

बदललेल्या हृदयासाठी यात एक युक्ती जोडली गेली. हृदय चालून वेग घेत नाही ना? मग शिरेतून डोब्युटामिन नावाचं औषध हळूहळू देऊन त्याला जोरात पळायला लावायचं आणि त्याच वेळी इकोमध्ये बघायचं. रक्त पुरेसं मिळत असेल तर हृदयाची सगळी भिंत सारखी आवळते. जिथे रक्त कमी पडतं तिथला भाग मागे राहतो, चार बैल एका तालात चालताना एक लंगडावा तसा. १९९० च्या दशकात जर्मनीत म्युनिकच्या डॉक्टरांनी या चाचणीचा बारकाईने अभ्यास केला. ज्यांची चाचणी चांगली आली त्यांना पुढच्या काळात गंभीर त्रास क्वचितच झाला, असं त्यांना दिसलं. त्यामुळे काही रुग्णांची दरवर्षीची नळी टाळता येईल, अशी आशा वाढली. पुढे इतरांच्या अनुभवात तिची मर्यादाही दिसली. अगदी सुरुवातीचा आजार तिच्यातून निसटतो.

तिसरी वाट किरणोत्सर्गी औषधांची. थॅलियम किंवा टेक्नेशियम अगदी थोड्या मात्रेत शिरेतून द्यायचं आणि हृदयाच्या कोणत्या भागात ते पोहोचलं, याचं चित्र कॅमेऱ्याने काढायचं. यात एक भाग दुसऱ्या भागाशी ताडून बघतात. म्हणजे पुन्हा पाइपाचीच अडचण. सगळीकडे सारखंच रक्त कमी झालं तर चित्र सारखंच दिसणार. त्यावर उतारा म्हणून पेट स्कॅन आलं. त्यात दर मिनिटाला हृदयाच्या एका ग्रॅम मांसाला किती मिलिलिटर रक्त मिळतं, हे आकड्यात मोजता येतं. तुलनेची गरज उरत नाही. २०१० नंतर या पद्धतीवर बरंच काम झालं आणि आज ती या आजारासाठी भरवशाची मानली जाते. पण यंत्रं मोजक्या शहरांत, आणि खर्च मोठा.

चौथी वाट सीटी अँजिओग्राफीची. हातातल्या शिरेतून रंगद्रव्य देऊन काही सेकंदांत हृदयाची चित्रं काढायची. २००४-०५ नंतरच्या वेगवान यंत्रांमुळे धमनीची पोकळीच नाही तर भिंतही दिसू लागली. मोठ्या धमन्यांत आजार नाही, हे सांगायला ती चांगली. पण या हृदयाचा ठोका जलद, त्यामुळे चित्र हलतं. बारीक फांद्या नीट दिसत नाहीत. आणि मूत्रपिंडाची काळजी इथेही आहेच.

म्हणजे बघा, एकही चाचणी अशी नाही की ती केली आणि निश्चिंत झालो. म्हणून आजही बहुतेक ठिकाणी ठरावीक काळाने अँजिओग्राफी आणि मधल्या काळात बाहेरून करायच्या तपासण्या, असा मेळ घालतात. कुणाला काय करायचं, हे त्याच्या मूत्रपिंडावर, वयावर आणि आधीच्या अहवालांवर ठरतं.

इतकी धडपड कशासाठी? कारण माणसं आता जगतात. नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध मिळालं, अमेरिकेत १९८३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि सगळं चित्र पालटलं. आज जगात हृदय बदललेल्यांपैकी निम्मे लोक बारा वर्षांहून अधिक जगतात. पण जितकी वर्षं वाढतात तितका हा मुका आजार वर येतो. पाच वर्षांनी साधारण तिघांत एकाला, आणि दहा वर्षांनी जवळपास निम्म्या लोकांना तो झालेला दिसतो. वेळेवर कळला तर हातात काही असतं. १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी ९७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी ज्यांना सुरुवातीपासून दिली त्यांच्यातले ९४ टक्के वर्षभरानंतर हयात होते, गोळी न दिलेल्यांमधले ७८ टक्के. धमन्यांचा आजारही गोळीवाल्यांमध्ये कमी होता. तेव्हापासून ही गोळी या रुग्णांच्या रोजच्या औषधात आली. प्रतिकारशक्तीची औषधं बदलूनही आजाराचा वेग कमी करता येतो. उशिरा कळला, तर मात्र सगळीकडे पसरलेल्या थराला बायपास करायला जागाच उरत नाही. मग पुन्हा हृदय बदलणं, हाच शेवटचा उपाय.

आपल्या देशात ही वेळ उशिरा आली. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा ८ जुलै १९९४ रोजी झाला आणि मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत एम्स रुग्णालयात डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. महाराष्ट्रात कायदा १९९५ पासून लागू झाला. तरी मुंबईला वाट बघावी लागली ती ऑगस्ट २०१५ पर्यंत. तेव्हा मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातून आलेलं हृदय एका तरुणाला बसवलं. केईएमच्या त्या तीन तासांनंतर सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईत हे यश आलं. आणि ज्या केईएममध्ये १९६८ साली कायद्याअभावी काम थांबलं, तिथेच आज पश्चिम भारताच्या अवयवदानाचं समन्वय कार्यालय आहे. डॉ. सेन १९८२ मध्ये गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही.

२०१५ नंतर ज्यांची हृदयं बदलली ती माणसं आता पाच वर्षांच्या, दहा वर्षांच्या टप्प्यावर आहेत. म्हणजे केपटाऊनच्या शवविच्छेदनात दिसलेला प्रश्न आता आपल्या अंगणात आला आहे. आणि इथे मला आपल्याबद्दल बोलायचं आहे. कारण अशा रुग्णाच्या घरी गोळ्यांचा डबा कोण भरतं? सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला गोळी गेली का, हे कोण बघतं? तपासणीची तारीख कॅलेंडरवर कोण लिहून ठेवतं? बहुतेक घरांत बायको, आई, नाहीतर बहीण. खोपोलीहून किंवा लौजी-केळवलीहून निघायचं, कर्जतला गाडी बदलायची, मुंबईत दिवसभर रांगेत बसायचं आणि रात्री परतायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. अशा वेळी घरात एक वाक्य हमखास निघतं, ‘काही दुखत नाही ना, मग पुढच्या महिन्यात जाऊ.’ या एका आजारात हे वाक्य जिवावर बेतू शकतं. नव्या हृदयाने कळ येऊ दिली नाही म्हणजे ते ठणठणीत आहे असं नाही. त्याला निरोप पाठवायची सोय नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याने हाक मारली नाही, तरी आपण ठरल्या दिवशी जाऊन विचारपूस करायची.

ज्यांचं हृदय स्वतःचंच आहे, त्यांच्यासाठीही यात एक धडा आहे. मधुमेह जुना झाला की नसा बोथट होतात. अशा माणसालाही कळ न येता हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. आणि बायकांमध्ये पुष्कळदा छातीत जोराची कळ न येता नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं, मळमळतं, जबडा किंवा पाठ भरून येते. आपण ते पित्तावर ढकलतो, ओवा खातो आणि कामाला लागतो. जिना चढताना पूर्वी लागत नव्हता तो दम आता लागतो आहे, असं वाटलं, तर ईसीजी आणि इकोसाठी वाट बघू नका. साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायला तर जवळचं सरकारी रुग्णालयही पुरतं.

आणि पुन्हा कधी द्रुतगती मार्गावर रस्ता मोकळा करून धावणारी रुग्णवाहिका दिसली, तर हात जोडाच. कुठल्यातरी घराने रडता रडता होकार दिलेला असतो. पण त्या पेटीतलं हृदय ज्याच्या छातीत जाईल, त्याचं राखणं त्या रात्री संपत नाही. त्या रात्री ते सुरू होतं, आणि पुढे वर्षानुवर्षं, न दुखता, चालू राहावं लागतं.

आज इथेच थांबते. नमस्कार.